टायमर कोणाच्या हातात?

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाची कथा आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असते, पण तिच्यातला एक तपशील आपण घाईने ओलांडून जातो. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची झुंज बराच वेळ चालली आणि थोडक्यात हुकली. अंगावरचा घाम वाळायच्या आत त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव याच्याशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण त्या नियमावर बोट ठेवून पंचांशी भांडायला भारतीय पथकातले कोणी तिथे हजर नव्हते. खाशाबा उतरले आणि हरले.

पदकाचा रंग बदलला असता की नाही, हा वाद मला घालायचा नाही. मला त्यात दिसते ते हे, की कागदावरची अर्ध्या तासाची विश्रांती मैदानावर शून्य मिनिटांची झाली, कारण ती मोजणारा आणि राखणारा माणूस तिथे नव्हता. श्रम कोणी ना कोणी मोजतोच. ज्याला काम करून घ्यायचे असते तो मोजतो. विश्रांतीला असा वाली नसतो. मोबाइलवरच्या किंवा स्वयंपाकघरातल्या छोट्याशा टायमरकडे, पाच मिनिटे लावली की उलटी मोजत शून्यावर येऊन वाजणाऱ्या त्या साध्या सोयीकडे, मी या नजरेने पाहतो. ज्यांच्या विश्रांतीला वाली नाही त्यांच्या हातात आलेले ते एक साधन आहे. मात्र ते त्यांच्याच हातात राहिले पाहिजे, दुसऱ्याच्या नाही. माझे सगळे म्हणणे या दोन वाक्यांत आहे. पुढे लिहितो ते त्याची कारणे आणि त्याच्या मर्यादा.

आधी आमच्या गावाबद्दल. मीरा-भाईंदरची महानगरपालिका २००२ मध्ये झाली आणि २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती आठ लाखांच्या वर गेली होती. एकेकाळी मिठागरे, भातशेती आणि खाडी एवढीच ओळख असलेला हा पट्टा आज मुंबईला माणसे पुरवतो. इथल्या नोकरदाराचा दिवस पश्चिम रेल्वेच्या वेळापत्रकाने कापलेला असतो. लोकलला आपण तिच्या वेळेच्या नावानेच हाक मारतो आणि ती चुकली तर पुढचा सगळा दिवस तिच्यामागे धावत राहतो. बसायला जागा मिळावी म्हणून मीरा रोडची माणसे आधी उलट दिशेने भाईंदरला जाऊन रिटर्न येतात. त्यात गेलेली मिनिटे कुठल्याच हिशेबात धरली जात नाहीत. अशा माणसाला रोज एक तास व्यायाम करा, अर्धा तास ध्यान करा असे सांगणे म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखे आहे. तो मान डोलावतो आणि काहीच करत नाही. सकाळी जेसल पार्कच्या चौपाटीवर चालणाऱ्यांची गर्दी दिसते, ती पाहून आनंद होतो. पण नीट पाहिले तर त्यात निवृत्त माणसे, दुकान उशिरा उघडणारे आणि ज्यांची मुले मोठी झाली आहेत असे लोक जास्त दिसतात. पस्तिशी-चाळिशीतला पगारदार त्या वेळी फलाटावर असतो.

याच माणसाच्या बाजूने शास्त्र अलीकडे एक पाऊल पुढे आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आधीचा सल्ला होता, की व्यायाम हिशेबात धरायचा तर तो सलग निदान १० मिनिटे तरी व्हायला हवा. २०२० च्या नव्या मार्गदर्शनात ही अट काढून टाकली गेली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल हे लक्ष्य ठेवले गेले, पण ती कशीही तुकड्या-तुकड्यांनी झाली तरी चालेल असे सांगितले गेले. जिन्याचे दोन मजले धरले जातात. डबा भरायच्या आधीची चार मिनिटे धरली जातात. या बदलाची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही आणि मला त्याची खंत आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, स्त्रियांत ५७. एवढ्या माणसांना आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांच्या दिवसात मोठा सलग तुकडाच उरलेला नाही, हे मान्य केले तर मग छोट्या तुकड्याचे काय करायचे याचा विचार सुरू होतो.

छोट्या तुकड्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग इझुमी ताबाता या जपानी संशोधकाचा. १९९६ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. एका गटाने स्थिर सायकलवर मध्यम गतीने एक तास पायडल मारायचे. दुसऱ्याने २० सेकंद जीव तोडून आणि १० सेकंद थांबून, अशा सात-आठ फेऱ्या. म्हणजे सारा मामला चार मिनिटांचा. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढलेली दिसली. शिवाय दुसऱ्या गटाची प्राणवायूविना जोर लावण्याची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली. पहिल्या गटात ती हलली नाही. जिमच्या पाट्यांवर आणि मोबाइलवर 'चार मिनिटांत तंदुरुस्ती' म्हणून जे विकले जाते त्याचे मूळ इथे आहे. पण तो प्रयोग खेळाडू वृत्तीच्या तरुण विद्यार्थ्यांवर झाला होता आणि त्यांचे 'जीव तोडून' म्हणजे शेवटच्या फेरीनंतर पुढे एक पायडलही मारता येऊ नये इतके. रक्तदाब असलेल्या, वर्षानुवर्षे खुर्चीत बसलेल्या पन्नाशीच्या माणसाने पहिल्याच दिवशी तसे करायला जाऊ नये. त्याने आधी डॉक्टरला विचारावे आणि चार मिनिटे नुसते भराभर चालावे.

ताबातांच्या प्रयोगातून मी वेगळीच गोष्ट उचलतो. त्यात दहा सेकंदांची विश्रांती २० सेकंदांच्या कष्टाइतक्याच काटेकोरपणे मोजलेली आहे. थांबणे हा व्यायामाचा भाग आहे, त्यातली सूट नव्हे. आमच्याकडच्या कुठल्याही जिममध्ये डोकावून पाहा. दोन सेटच्या मध्ये माणूस फोन उचलतो, एक रील पाहतो, मग दुसरी, आणि मिनिटभराची विश्रांती पाच मिनिटांवर जाते. अंग थंड पडते आणि डोक्याला तर विश्रांती मिळालेलीच नसते. न मोजलेली विश्रांती एक तर कोणी तरी हिरावून घेतो किंवा ती सांडून जाते. खाशाबांची हिरावली गेली. आपली बहुतेकदा सांडते.

इथे जुनी माणसे एक आक्षेप घेतात आणि तो वजनदार आहे. आपल्याकडे व्यायाम घड्याळाने कधी केला? जोर, बैठका, नमस्कार सगळे मोजून केले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा घरोघरी प्रसार केला तोही आकड्यांतच. कबड्डीत तर चढाईची मर्यादा चढाई करणाऱ्याच्या श्वासातच होती. दम सुटला की चढाई संपली. ३० सेकंदांचे घड्याळ पुढे आले. देहाच्या आत बसलेले मोजमाप असताना बाहेरचे यंत्र कशाला?

मी दोन्ही करून पाहिले आहे आणि मला फरक जाणवतो. बारा नमस्कार घालायचे ठरवले की सातव्या-आठव्यापासून मन शेवटाकडे पळू लागते. हात टेकण्याआधीच उचलले जातात, पाठीचा बाक अर्धवट राहतो, श्वास आणि हालचाल यांची फारकत होते. आकडा लवकर गाठला की सुटका लवकर, हे शरीराला कळते. आठ मिनिटे लावली तर घाई करण्यात काहीच फायदा उरत नाही. भरभर केले तरी आठ मिनिटेच, सावकाश केले तरी आठ मिनिटेच. मग मन आपोआप नीट करण्याकडे वळते. आकडा कामाची मजल सांगतो, वेळ मुक्काम सांगते. तालमीत वस्ताद समोर उभा असे, त्याची नजर चुकार नमस्काराला माफ करत नसे. म्हणून तिथे आकडा पुरत होता. शांतीनगरच्या वन बीएचकेमध्ये सोफा आणि टीव्हीच्या मधल्या फटीत व्यायाम करणाऱ्याला वस्ताद कुठून आणायचा? त्याला वेळ जास्त कामाची.

कामातल्या सुट्टीकडे वळू, कारण या विषयाचा खरा इतिहास तिथे आहे आणि तो मराठी माणसाने लिहिलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे ठाण्यात वाढले, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत आले आणि 'दीनबंधु'चे संपादक झाले. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की यंत्र सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारकडे पाठवले. रविवारची सुट्टी, पगार वेळेवर, अपघातात जखमी झालेल्याला भरपाई अशा मागण्या त्यात होत्या; आणि दुपारी अर्धा तास सुट्टी हीही होती. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली आणि ती गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. दुपारच्या अर्ध्या तासाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. तो १८९१ च्या कारखाना कायद्यात आला. पुढे १९४८ च्या कायद्याने पाच तास सलग कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती सक्तीची केली. आज ऑफिसातला माणूस लंच ब्रेक म्हणतो आणि त्यातही कीबोर्डसमोर बसून एका हाताने पोळीचा घास घेतो, तेव्हा तो कोणाची कमाई वाया घालवतो आहे हे त्याला ठाऊक नसते. मला हे मनापासून टोचते. साडेपाच हजार माणसांनी, त्यातल्या कित्येकांनी अंगठा उठवून, जी अर्ध्या तासाची मागणी केली ती आपण मेल तपासत खाऊन टाकतो.

म्हणून माझा आग्रह आहे, की जेवणाच्या सुट्टीला टायमर लावावा. कामाला सगळेच लावतात. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलोने १९८० च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर घेऊन २५ मिनिटे अभ्यास आणि ५ मिनिटे सुट्टी अशी पद्धत बसवली. जगभर ती 'पोमोडोरो' म्हणून पोचली. तिच्या भक्तांना २५ मिनिटांचे फार कौतुक असते; पाच मिनिटांकडे ते दुर्लक्ष करतात. खरी शिस्त त्या पाच मिनिटांत आहे. घंटा वाजल्यावर हातातले वाक्य अर्धे टाकून उठायला जेवढी ताकद लागते तेवढी कामाला बसायला लागत नाही.

त्या २५ मिनिटांच्या अगदी शेजारी आपली घटका आहे, २४ मिनिटांची. अहोरात्रात साठ घटका. तांब्याची एक वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती तरंगत सोडायची. छिद्रातून पाणी आत चढत जाते, वाटी हळूहळू जड होते, काठ पाण्याला टेकतो आणि ती बुडते. एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त साधायला हे घटिकापात्र ठेवत. उलटी मोजणी करणारे यंत्र याहून वेगळे काय असते? त्यात किती वेळ उरला हे दिसते आणि संपल्याचा क्षण पक्का असतो.

घटिकापात्राची एक दंतकथा आहे, जी कवी फैजीने १५८७ मध्ये भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथाच्या फारसी भाषांतरात सांगितली. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे भास्कराचार्य आपल्याला जवळचे. त्यांनी मुलगी लीलावती हिच्या लग्नाची अचूक वेळ काढली आणि घटिकापात्र ठेवले. तिला राहवेना, ती पुन्हा पुन्हा वाकून पाण्यात पाहू लागली. तिच्या वेषावरचा एक मोती निसटून वाटीत पडला, छिद्र बुजले, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त टळून गेला. खरे काय ते कोणाला माहीत. पण कथा रचणाऱ्याला टायमरचे मर्म पुरते कळलेले होते. टायमर लावायचा तो पाहायचा नसतो. वेळ पाहण्याचे काम त्याच्यावर सोपवून आपण मोकळे व्हावे यासाठी तो असतो. पडद्यावर मोठ्या आकड्यांत सेकंद धावताहेत आणि आपण त्यांच्याकडे डोळे लावून प्लँक धरला आहे, तर ती सगळी मिनिटे आकड्यांचीच होतात. फोन पालथा ठेवावा. त्याहून बरे म्हणजे फोन वापरूच नये. किल्ली देऊन फिरवायचा साधा किचन टायमर भाईंदरच्या कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो. त्याच्यावर मेसेज येत नाहीत, तो तुमची सलग दिवसांची नोंद ठेवत नाही आणि काल बसला नाहीत म्हणून आज ओशाळे करत नाही.

चिंतनाबाबत आक्षेप सर्वांत तीव्र असतो. आत्मचिंतन काय घड्याळ लावून होते? गंमत अशी, की ज्यांनी चिंतनाला आयुष्य दिले त्या परंपरांनीच वेळ सर्वांत कडक बांधली. मीरा-भाईंदरमध्ये जैन समाज मोठा आहे. भाईंदर पश्चिमेचे बावन जिनालय दूरवरून लोक पाहायला येतात. इथल्या कितीतरी घरांत वाळूचे एक छोटे घड्याळ असते. सामायिकाचा नियम घेतलेली व्यक्ती आसन टाकून बसते, ते उलटे करून समोर ठेवते आणि वाळू खाली उतरेपर्यंत, म्हणजे दोन घटका, ४८ मिनिटे, संसारातले काही करत नाही. दाराची बेल वाजली तरी उठत नाही. तेवढ्या वेळेपुरता गृहस्थ साधूसारखा होतो, अशी श्रद्धा आहे. वेळ पुरी झाली की विधीपूर्वक सामायिक पारायचे. आणखी बसायचे असेल तर नव्याने नियम घ्यायचा. मी जैन नाही, पण शेजारच्या आजींना असे बसलेले पाहिले आहे. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही धडपड नसते, कारण उठायचे कधी हा प्रश्न त्यांनी वाळूवर सोपवलेला असतो.

भाईंदरहून उत्तनमार्गे गोराईला जाणाऱ्या रस्त्याने गेले की विश्व विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस दिसतो. २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एकही खांब नसलेल्या त्या घुमटाखाली आठ हजार माणसे बसू शकतात. सत्यनारायण गोएंकांच्या दहा दिवसांच्या शिबिरात चौथ्या दिवसापासून रोज तीन वेळा तासभर 'अधिष्ठाना'त बसायचे असते: डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. तास संपल्याची खात्री नसेल तर हे साधणार नाही. गुडघ्यात कळ आली की मन सौदा सुरू करते: आता पुरे, उद्या जास्त बसू. शेवट ठरलेला असला की त्या सौद्याला गिऱ्हाईक मिळत नाही. तीन मिनिटांच्या टायमरलाही हेच लागू आहे. आज चिडून मुलावर ओरडलो ते का, एवढ्या एका प्रश्नाजवळ तीन मिनिटे थांबायचे. पहिल्या मिनिटात सबबी येतात, दुसऱ्यात दुसऱ्याचे दोष येतात, आणि तिसऱ्यात, जर उठलो नाही तर, कधी कधी खरे कारण येते. टायमर नसता तर मी सबबींपाशीच उठलो असतो.

आता ज्या गोष्टीची मला खरी भीती वाटते तिच्याबद्दल. हेच यंत्र दुसऱ्याच्या हातात गेले की ते आसूड होते. मुंबईला याची जुनी ओळख आहे. १९०६ च्या जानेवारीत भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होती. गिरणीच्या घड्याळाचे काटे पुढे गेले म्हणजे कामगाराला अंधारात उठवले गेले. जेकब ससून मिलमध्ये कामगार त्यावरून खवळून उठले. मुंबई महानगरपालिकेने तर आपली जुनी वेळ १९५० च्या दशकापर्यंत सोडली नव्हती. आज तीच गोष्ट रस्त्यावर दिसते. सामान 'काही मिनिटांत घरपोच' म्हणून मागवणारा सोफ्यावर बसून नकाशावरचा ठिपका सरकताना पाहतो. ती उलटी मोजणी ज्याच्या अंगावर येते तो पोरगा काशीमिऱ्याच्या सिग्नलला लाल दिव्यावरचे सेकंद मोजत एक्सलरेटर पिळत असतो. कॉल सेंटरमध्ये स्वच्छतागृहाला जायचीसुद्धा मिनिटे नोंदली जातात. तिथेही टायमर आहे आणि इथेही टायमर आहे. एकात माणूस स्वतःभोवती कुंपण घालतो, दुसऱ्यात त्याला कोंडले जाते. म्हणून टायमरच्या गुणदोषांची सरसकट चर्चा मला निरर्थक वाटते. तो लावला कोणी आणि त्याच्या आत राबतो कोण, हे आधी विचारले पाहिजे.

स्वतः लावलेल्या टायमरलाही काही दारे बंद असावीत. गावाकडे आईला फोन लावताना तो नको. आजाऱ्याच्या उशाशी नको. लहान मूल मातीत खेळत असेल तर त्याला 'आणखी पाचच मिनिटे' म्हणण्याआधी दहा वेळा विचार करावा. आपल्या मातीतली निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चाले आणि प्रेक्षकही त्या अनिश्चिततेत बसून राहत. मॅटवर सहा मिनिटांत गुणांवर निकाल लागतो. खेळ म्हणून त्याला इलाज नाही, पण काही गोष्टी निकाली कुस्तीसारख्याच राहू द्याव्यात असे मला वाटते.

ज्यांना या कुंपणाची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्या हातात ते सर्वांत कमी आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो असे आढळले, पुरुषांचा ८८. ही २८९ मिनिटे सलग नसतात. कुकरच्या शिट्ट्या, पाण्याची वेळ, शाळेची बस, सासऱ्यांचे औषध अशा ठिगळांची ती असतात आणि प्रत्येक ठिगळाच्या टोकाला कोणी तरी हाक मारायला उभा असतो. आमच्या मजल्यावरच्या एक ताई कुकर लावला की गॅलरीत जातात आणि चार मिनिटांचा टायमर लावून जागच्या जागी पाय उचलत चालतात. घरातल्यांना त्यांनी सांगून ठेवले आहे: वाजेपर्यंत मला हाक मारायची नाही. सुरुवातीला सगळे हसले. आता त्यांची धाकटी मुलगी टायमर वाजेपर्यंत दारात उभी राहून कोणाला आत सोडत नाही. चार मिनिटांनी ताईंची तब्येत किती सुधारली ते मला माहीत नाही. पण घरातल्या बाईचा वेळही मोडायचा नसतो, हे त्या मुलीला सहाव्या वर्षी कळले आहे.

आणि एक माणूस राहिला, तो खाली गेटवर बसतो. आमच्याकडच्या बहुतेक सोसायट्यांत वॉचमनची बारा-बारा तासांची ड्युटी असते. त्याला बदली नसतो. तो जेवतो ते केबिनमध्ये, डबा मांडीवर घेऊन, गाडीचा हॉर्न वाजला की खरकट्या हाताने गेट उघडत. वर आम्ही ध्यानाला, योगाला, कामातल्या सुट्टीला टायमर लावतो आणि खाली तो माणूस सलग अर्धा तास कधी बसलेला नसतो. हे फार दिवस चालले आहे आणि त्याचा दोष एजन्सीवर टाकून मोकळे होता येणार नाही. गेट आमचे आहे. येत्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे. दुपारी एक ते दीड गेटवर सभासदांपैकी एकाने पाळीने बसायचे आणि त्या वेळेत वॉचमनने केबिनच्या बाहेर, गच्चीवर नाहीतर कार्यालयात, जेवून पाठ टेकायची. साठ घरे आहेत, म्हणजे दोन महिन्यांतून एकदा पाळी येईल. हरकती येतील: सुरक्षेचे काय, भाडेकरूंनी का बसायचे, त्याला पगार मिळतो ना. त्यांची उत्तरे देण्याआधी पहिल्या आठवड्याची यादी भरून नेलेली बरी, म्हणून पाच जणांशी बोलून ठेवले आहे. सोमवारी मी आहे. रविवार अजून रिकामा आहे.